ताबा आपला, हक्क कोणाचा?

ऐरोली स्टेशनच्या पश्चिमेला आम्ही राहतो. आमच्या पाठीमागे खाडी. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की एमआयडीसी लागते आणि दिघ्यापासून रबाळे, महापे करत तुर्भ्यापर्यंत जाते. मी इथे राहायला आलो तेव्हा वारा फिरला की कुठल्या कारखान्याने काय सोडलंय ते नाकाला कळायचं. आता त्याच पट्ट्यात वेगळ्याच इमारती उभ्या राहिल्या आहेत. खिडक्या नाहीत. पाटी असली तर इतकी लहान, की पत्ता शोधणारा डिलिव्हरीवाला दोनदा पुढे निघून जातो. गच्चीवर मोठमोठे पंखे, मागे डिझेल जनरेटरच्या रांगा, दारावर बँकेच्या तिजोरीला असावा तसा पहारा. ही डेटा सेंटरं, म्हणजे सर्व्हरची गोदामं. २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन आणि गूगल या तिन्ही अमेरिकी कंपन्यांनी आपल्या क्लाउड सेवेचे मुंबई विभाग सुरू केले आणि नवी मुंबईत अशा इमारतींचं पीकच आलं. देशाचा डेटा देशात, असं आपण अभिमानाने म्हणतो, त्यातला बराचसा इथे आहे.

आमच्याच विंगमध्ये एक काका राहतात, निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी त्यांना दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवलं होतं. पलीकडे गणवेशातला माणूस, त्याच्या मागे भिंतीवर अशोकस्तंभ, मेलवर सीबीआयचा शिक्का मारलेलं पत्र. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिममधून मोठा गुन्हा झालाय, पैसे पडताळणीसाठी अमुक खात्यात भरा, कोणाशी बोललात तर घरी येऊन अटक करू. काकांनी एफडी मोडली. तिसऱ्या दिवशी मुलीला संशय आला, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन झाला, थोडी रक्कम मधल्या एका खात्यात होल्ड झाली, बाकीची पाच-सहा खाती फिरून गेली. २०२४ या एका वर्षात देशभरात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेल्याचं केंद्राने लोकसभेत सांगितलं आहे. त्या आकड्यात काकांची एफडी म्हणजे समुद्रातलं शिंतोडंही नाही, पण त्यांची ती सगळी पुंजी होती.

मी ठाणे आणि बेलापूरच्या कोर्टात वकिली करतो, म्हणून काका मला घेऊन पोलिसांकडे गेले. तपास अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, "आयपी मिळालाय साहेब, बाहेरचा आहे. त्या मेल खात्यात आत काय आहे ते बघायचं तर सर्व्हर परदेशात. एमलॅट करावं लागेल." किती दिवस लागतील विचारलं तर म्हणाला, "दिवसांत नका विचारू."

परतताना रिक्षा एमआयडीसीतून आली. काकांनी बाहेर बोट दाखवलं आणि शाळेत विचारत असतील तशा सुरात विचारलं, "वकीलसाहेब, सर्व्हर परदेशात, मग हे काय आहे?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. मला जे सापडलं ते आपल्याकडच्या बहुतेक चर्चेच्या उलट जाणारं आहे, म्हणून हा लेख.

काकांना आलेलं ते पत्र नेमकं कुठल्या देशातल्या कुठल्या डिस्कवर आहे, हे बहुधा कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. एकाच मेलच्या प्रती अनेक ठिकाणी असतात. एखादी रबाळ्यातही असू शकेल. पण कायद्याच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही, आणि हीच खरी गोम आहे. कंपनी अमेरिकी असेल तर तिला १९८६ सालचा अमेरिकी कायदा लागू होतो. खातं कोणाच्या नावाने उघडलं, कुठल्या आयपीवरून लॉग-इन झालं, एवढं ती परदेशी पोलिसांना स्वतःहून देऊ शकते. पत्रातला मजकूर मात्र परदेशी सरकारला परस्पर द्यायला तो कायदा मनाई करतो. मग आपल्या पोलिसांचा अर्ज राज्याच्या गृहखात्याकडे जातो, तिथून केंद्रीय गृहमंत्रालयाकडे, तिथून वॉशिंग्टनच्या न्याय विभागाकडे. तिथला सरकारी वकील तो आपल्या न्यायाधीशापुढे ठेवतो, न्यायाधीशाला सबळ कारण पटलं तर वॉरंट निघतं, ते कंपनीला बजावलं जातं, आणि उत्तर त्याच पायऱ्या उतरत परत येतं. भारत आणि अमेरिका यांच्यात यासाठी २००१ मध्ये परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार झाला आणि २००५ पासून तो अमलात आहे. पोलीस ज्याला एमलॅट म्हणतात ते हेच. दुसरी वाट कोर्टामार्फत विनंतीपत्र पाठवण्याची. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६६-अ खाली होती, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ११२ आहे. तीही याच दारात जाऊन थांबते.

आता उलट बाजू पाहा. २०१३ मध्ये अमेरिकी तपासयंत्रणेने मायक्रोसॉफ्टकडे एका खात्यातले मेल मागितले. ते डब्लिनच्या सर्व्हरवर होते. कंपनी म्हणाली, आयर्लंडमधलं मागायचं तर आयर्लंडला विचारा. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागण्याआधीच, मार्च २०१८ मध्ये, अमेरिकी संसदेने क्लाउड ॲक्ट संमत करून टाकला: कंपनी आमच्या कायद्याखाली येत असेल तर डेटा जगात कुठेही असो, वॉरंट निघालं की द्यायचा. खटला तिथेच निकाली निघाला.

दोन्ही कायदे शेजारी ठेवून बघा. ऐरोलीच्या डिस्कवरचं पत्र टेक्सासच्या पोलिसाला टेक्सासच्याच न्यायाधीशाच्या सहीने मिळू शकतं. त्या इमारतीसमोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या आपल्या पोलिसाला मात्र वॉशिंग्टनला जाऊन यावं लागतं.

नवी मुंबईकरांना खरं तर हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्या शहरात सिडकोच्या भाडेपट्ट्यावर माणसांनी आयुष्याची कमाई लावली, जिथे एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या लीजवर मिळतो, तिथल्या माणसाला ताबा आणि मालकी यांतला फरक तोंडपाठ असतो. घर आपलं, कुलूप आपलं, दारावर नावाची पाटी आपली. पण विकायचं म्हटलं की ट्रान्सफर फी भरा आणि ना-हरकत आणा. सातबाऱ्यावर नाव असून भागत नाही, 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय ते आधी वाचावं लागतं. ठाण्यातला कुठलाही जुना दलाल तुम्हाला हेच सांगेल. डेटाच्या बाबतीत मात्र आपण फक्त नाव वाचलं आणि पेढे वाटले.

"डेटा देशात ठेवा म्हणजे सार्वभौमत्व आलं" या युक्तिवादाच्या बाजूने नेहमी रिझर्व्ह बँकेचा दाखला दिला जातो. एप्रिल २०१८ मध्ये बँकेने परिपत्रक काढलं की पेमेंट व्यवहारांचा सगळा डेटा भारतातच साठवायचा, मुदत सहा महिने. कंपन्यांनी कुरकुर केली. २०२१ मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घ्यायला बंदी झाली, वर्षभराने पूर्तता झाल्यावर ती उठली. हे घडलं यात शंका नाही. पण ते घडलं कशामुळे? सर्व्हर इथे होते म्हणून नव्हे, ते तर नव्हतेच, तक्रार तीच होती. घडलं ते या कंपन्यांना इथे धंदा करायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते म्हणून. जोर परवान्यात होता. मेल आणि मेसेजच्या धंद्याला असला परवाना नाही. तो असावा असं मला वाटतही नाही. त्या वाटेने गेलेल्या देशांत सामान्य माणसाचं काय होतं ते दिसतंच आहे.

उलट दाखला गेल्याच वर्षीचा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले, कारण तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचा ४९ टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा आहे. कंपनी भारतीय, कचेरी मुंबईत, रिफायनरी गुजरातेत. मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरून घेतलेली सॉफ्टवेअर, स्वतःचा डेटा, कर्मचाऱ्यांचे मेल, सगळ्याला कुलूप. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. ब्रसेल्समध्ये ठराव, अमेरिकेतली कंपनी, आणि मुंबईतल्या टेबलावरचा बंद पडलेला लॅपटॉप. त्या लॅपटॉपमागचा सर्व्हर ऐरोलीत असता तरी कुलूप उघडलं नसतं.

माझं म्हणणं असं की आपल्याला इमारतींपेक्षा करारांची गरज जास्त आहे, आणि करारांची किंमत आपल्याला आपल्या घरातच मोजावी लागणार आहे. पहिला भाग बरेच जण मान्य करतात. दुसऱ्यावर सगळे गप्प बसतात.

करारांच्या बाबतीत आपला इतिहास तळ्यात-मळ्यात असा आहे. सायबर गुन्ह्यांवरचा पहिला आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये बुडापेस्टला झाला. मसुदा लिहिताना आम्हाला विचारलं नाही, म्हणून आपण त्यात नाही. २०११ मध्ये आपण संयुक्त राष्ट्रांत पन्नास देशांची एक समिती मागितली, जिने इंटरनेटचं धोरण ठरवावं. घरातूनच ओरड झाली तशी ती मागणी विरली. २०१२ मध्ये दुबईला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या परिषदेत नवे नियम आले, ८९ देशांनी सह्या केल्या, आपण केली नाही. २०१५ मध्ये मंत्र्यांनी जाहीर केलं की इंटरनेटचा कारभार केवळ सरकारांनी नव्हे, कंपन्या, तंत्रज्ञ आणि नागरी संघटना यांनी मिळून पाहावा, याला भारताचा पाठिंबा आहे. एकेक भूमिका सुटी घेतली तर प्रत्येकीचं समर्थन करता येतं. सगळ्या एका ओळीत मांडल्या की लग्नाच्या बैठकीत प्रत्येक वेळी नवीनच मागणी काढणाऱ्या मामाची आठवण होते.

संशय घ्यायला जागा आहे, हे मी नाकारत नाही. इंटरनेटवरच्या नावांची मुळातली यादी सांभाळणारी आयकॅन ही संस्था १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली स्थापन झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्यावरची आपली देखरेख सोडली, पण संस्था कॅलिफोर्नियातच आहे. नियम ज्यांनी लिहिले त्यांनी स्वतःच्या अंगाला लावून लिहिले. म्हणून पंगतीला बसायचंच नाही, हे धोरण मात्र आपलंच पोट मारतं. आता पुन्हा एक ताट मांडलं गेलंय. सायबर गुन्ह्यांविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार महासभेने डिसेंबर २०२४ मध्ये स्वीकारला, ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोईला साठाहून अधिक देशांनी त्यावर सह्या केल्या. चाळीस देशांनी अनुसमर्थन दिलं की तो अमलात येईल. त्याची मूळ कल्पना रशियाची. मानवी हक्कांच्या संघटनांचा त्याच्यावर मोठा आक्षेप आहे, की गंभीर गुन्ह्याची व्याख्या सैल ठेवल्यामुळे एक हुकूमशहा दुसऱ्याकडे आपल्या विरोधकांचे मेल मागू शकेल. आक्षेप खरा आहे. तरी त्यात देशोदेशी चोवीस तास चालू राहणारा संपर्क, पुरावा पुसला जाऊ नये म्हणून तो ताबडतोब गोठवून ठेवणं, अशा ज्या तरतुदी आहेत, त्यांची काकांच्या एफडीला गरज होती. कंबोडिया आणि म्यानमारच्या ज्या कंपाउंडांतून असले फोन येतात, तिथे आपल्याच देशातली फसवून नेलेली पोरंही बसवलेली असतात. त्यांना सोडवायलाही करारच लागतो.

फसवणूक नेहमी तिकडून इकडेच येते असंही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेच्या आसपास तरुणांना ताब्यात घेतलं. रात्रपाळीत ही पोरं अमेरिकी उच्चारात बोलून तिथल्या आयकर खात्याचे अधिकारी बनत, अटकेची धमकी देत आणि घाबरलेल्या म्हाताऱ्यांकडून गिफ्ट कार्डांचे नंबर घेत. काकांच्या बाबतीत झालं त्याचाच आरसा. त्याच महिन्यात अमेरिकेने अशाच टोळ्यांवर आरोपपत्र जाहीर केलं आणि २०१८ मध्ये तिथल्या एकवीस जणांना शिक्षा झाल्या, कमाल वीस वर्षांपर्यंत. ते तिथे राहणारे, बहुतेक जण पैसे उचलणारे होते. फोन करणारे इथे. ठाण्यातल्या खटल्यात टेक्सासच्या आजीबाईंची साक्ष कशी आणायची, हा प्रश्न तेव्हा आपल्या पोलिसांपुढे तसाच उभा होता. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा कलम ७५ मध्ये ऐटीत सांगतो की भारतातला संगणक गुंतला असेल तर परदेशातला परकीय माणूसही आमच्या कायद्याखाली येतो. हात लांब आहे खरा. पण त्या हाताला पलीकडून कोणी धरायला हवं ना.

क्लाउड ॲक्टमध्येच त्याची एक सोय आहे. अमेरिकेशी स्वतंत्र करार करणाऱ्या देशाचे पोलीस त्या लांबच्या पायऱ्या न चढता गंभीर गुन्ह्यात थेट अमेरिकी कंपनीकडे मजकूर मागू शकतात. ब्रिटनने २०१९ मध्ये असा करार केला, २०२२ पासून तो चालू आहे. ऑस्ट्रेलियाचा २०२४ पासून. आपला नाही. का नाही, याचं उत्तर राष्ट्रवादात शोधायची सवय लागली आहे. ते आमच्या रोजच्या कोर्टकामात सापडतं. कराराची एक अट अशी की मजकूर मागणाऱ्या आदेशावर त्या देशातल्या न्यायाधीशाची, दंडाधिकाऱ्याची किंवा दुसऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याची देखरेख हवी. आपल्याकडे नव्या संहितेच्या कलम ९४ खाली, म्हणजे जुन्या ९१ खाली, पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी स्वतःच नोटीस काढून कागद मागवतो. फोन आणि मेल चोरून ऐकायचे तर केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाची सही लागते. ती योग्य होती का, हे बघणाऱ्या समितीत पुन्हा सचिवच. १९९६ मध्ये फोन टॅपिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे न्यायाधीशाच्या पूर्वपरवानगीची मागणी आली होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही आणि ही समितीची व्यवस्था घालून दिली. तीस वर्षं झाली. ब्रिटनमध्येही पूर्वी गृहमंत्र्याचीच सही चालायची. २०१६ च्या कायद्याने तिथे त्या सहीवर न्यायिक आयुक्ताची दुसरी सही सक्तीची केली आणि तीन वर्षांनी अमेरिकेने पहिला करार केला तो त्यांच्याशीच.

युरोपशी डेटाच्या मुक्त वाहतुकीची बोलणी केली तरी पाय याच दगडावर ठेचकाळेल. २०२३ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यात कलम १७ आहे. सरकारने अधिसूचना काढली की सरकारच्याच कुठल्याही यंत्रणेला अख्ख्या कायद्यातून सूट. आपल्या नागरिकाचा डेटा आपलं सरकार कसं वापरतं यावर कोणाची नजर नसेल, तर दुसरा देश त्याच्या नागरिकाचा डेटा आपल्या हातात का देईल? सोसायटीत जो सभासद स्वतःचा हिशेब दाखवत नाही, त्याला कोणी खजिनदार करत नाही.

इथे माझे काही मित्र म्हणतात, पोलिसाला आधीच कामाचा डोंगर आहे, त्यात प्रत्येक मेलसाठी मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं? त्यांना मी पालघरची आठवण करून देतो. नोव्हेंबर २०१२, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. मुंबई बंद पडली त्यावर एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक. त्या अटकेवरून दिल्लीत याचिका झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. ज्या सहीला कोणी प्रश्न विचारत नाही ती कुठवर जाते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रुळांवर उतरले, त्यानंतर तिथलं इंटरनेट बंद करण्यात आलं. तीही सही शासनाचीच असते. गंमत म्हणजे, संदेश थांबवण्याचा हा अधिकार सरकारांनी १८६५ मध्ये पॅरिसला, तारायंत्राच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय करारातच स्वतःसाठी राखून ठेवला होता आणि आजही तो दूरसंचार संघटनेच्या घटनेत कलम ३४ म्हणून तसाच आहे. दीडशे वर्षांत सगळ्या सरकारांचं एकमत झालं ते नेमकं यावर. १९७९ पासून आपण नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारालाही बांधील आहोत, त्याच्या कलम १९ मध्ये अशा बंदीला काटेकोर मर्यादा घातल्या आहेत. त्याची आठवण शासनाला सहसा कोर्टातच करून द्यावी लागते.

तर काकांचे पैसे परत आणणारी वाट आणि पालघरच्या मुलींना वाचवणारी वाट एकाच दारातून जाते. त्या दारावर न्यायाधीश बसवावा लागेल. रात्री-अपरात्री ऑनलाइन अर्ज ऐकणारा, तासाभरात हो किंवा नाही सांगणारा, कारण लिहून ठेवणारा. ठाण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना हे ऐकून हसू येईल, आमच्याकडे तारखेवर तारीख पडते म्हणून. पण जामीन आणि रिमांडसाठी सुट्टीच्या दिवशीही मॅजिस्ट्रेट बसतोच. हेही त्याच जातीचं काम आहे.

गुन्हेगार सोडून देशच देशावर हल्ला करतो तेव्हा तर दारच नाही. २७ जून २०१७ रोजी उरणच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. ते चालवणारा मर्स्क हा डॅनिश समूह. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा विषाणू सुटला आणि मर्स्कच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. न्हावा-शेवाला संगणकावर चालणारं काम हाताने रेटायची वेळ आली. कंपनीने आपलं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी रशियाच्या लष्कराचं नाव घेतलं. २०२० मध्ये अमेरिकेने सहा लष्करी अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. रशियाने सगळं नाकारलं. भांडण रशिया-युक्रेनचं, विषाणू पोचला उरणला. ज्या ट्रकवाल्याची त्या आठवड्यातली खेप बुडाली असेल त्याने कोणावर दावा लावायचा? २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने अकरा नियम लिहिले, त्यात एक असा की दुसऱ्या देशाच्या अत्यावश्यक यंत्रणेला कोणी इजा करू नये. महासभेने त्याला मान्यताही दिली. पण नियम ऐच्छिक, बंधनकारक नाहीत. म्हणजे सोसायटीच्या लिफ्टमधली 'कृपया थुंकू नये' ही पाटी.

आपण इथेही घरची तयारी केलेली नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. बिघाड कळवा-पडघ्याच्या वीजवाहिन्यांवर होता. लोकल थांबल्या. पुढच्या वर्षी एका अमेरिकी कंपनीचा अहवाल आला की चीनशी संबंधित गटाने भारतीय वीजयंत्रणेत घुसखोरी केली होती. मुंबईच्या अंधाराशी त्याचा पक्का संबंध तिनेही जोडला नव्हता. राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता सांगितली. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक. एकाच घटनेवर आपल्याच दोन सरकारांची दोन तोंडं. पुरावे मांडून केलेली एक जाहीर चौकशी लोकांपुढे येत नाही तोवर जागतिक मंचावर बोट दाखवायचं कोणाकडे? हल्ला कोणी केला हे ठरवणारी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय यंत्रणा हवी, ही मागणी भारताने लावून धरावी असं मला मनापासून वाटतं. ती मागणाऱ्याने आधी कळव्याचा कागद टेबलावर ठेवावा.

दुबळ्या करारांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी आमच्या घरामागची खाडी दाखवतो. फ्लेमिंगो बघायला लोक ऐरोलीला येतात. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे, म्हणजे पाणथळ जागांच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत तिचं नाव आहे, साडेसहा हजारांहून अधिक हेक्टर. त्या कराराला पोलीस नाहीत, तुरुंग नाही. पण यादीत नाव आहे, सरकारला त्या जागेचा अहवाल द्यावा लागतो, आणि खारफुटीत भराव पडला की याचिका करणाऱ्याच्या हातात एक कागद असतो, जो न्यायालयाला वाचून दाखवता येतो. मी तसे अर्ज हाताळलेले आहेत. 'रामसर' या एका शब्दाने समोरच्या वकिलाचा आवाज थोडा खाली येतो. रेल्वेच्या या बाजूच्या चिखलाला आंतरराष्ट्रीय कायद्याचं एवढं तरी छत्र आहे. त्या बाजूच्या काचबंद थंड खोल्यांत लाखो माणसांची पत्रं, पैसे आणि आजारपणं साठवलेली आहेत, त्यांच्यासाठी तेवढाही कागद नाही.

काकांची होल्ड झालेली रक्कम कोर्टाच्या आदेशाने परत मिळाली, साधारण आठवा हिस्सा. बाकीच्यासाठीचं पत्र दिल्लीपर्यंत पोचल्याचं शेवटचं कळलं. मधे तपास अधिकाऱ्याची बदली झाली. नव्या साहेबांनी फाइल उघडली आणि काकांना पहिला प्रश्न विचारला, "मेल कुठल्या कंपनीचा होता म्हणालात?"